मुरबाडला भातखाचर आणि चार गुरं: चारा-शेणाचा मेळ कसा बसवायचा?

खाचरवाला, घणसोली
मुरबाड तालुक्यात अडीच एकर भातखाचर, लागून एकरभर वरकस (उताराची हलकी, गवताची जमीन). विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते. पौषात म्हशाच्या जत्रेतून चार डांगी जातीची जनावरं (दोन बैल, दोन गायी) घ्यायचा विचार आहे. दूध विकायचं नाही. नांगरट आणि शेण हवंय. गावात दिवाळीनंतर गुरं मोकाट सुटतात. पेंढा पुरेल का, शेण खाचरात कसं न्यायचं आणि कापणीनंतर वाल टाकला तर राहील का?

उडवी
आधी पेंढा मोजा. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा किलो धरला तर चार जनावरांना सात महिन्यांत साधारण ५० क्विंटल लागतो. एकरी १२ ते १५ क्विंटल भात निघालं तर पेंढाही जवळपास तेवढाच, म्हणजे अडीच एकरात ३० ते ३७. उरलेली तूट वरकसाच्या गवतातून काढायची. ते दसऱ्याच्या सुमारास फुलोऱ्यात असतानाच कापा. बहुतेक जण दिवाळीनंतर कापतात, तोवर त्याची काडी झालेली असते.

नुसत्या पेंढ्यावर जनावर खंगतं, म्हणून युरिया प्रक्रिया. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरा, झारीने शिंपडा, तुडवून हवा काढा, पुढचा थर. वर प्लास्टिक घालून कडा मातीने बुजवा, २१ दिवस हात लावू नका. उघडल्यावर पिवळसर-तपकिरी रंग आणि नाकात जाणारा वास आला तर जमलं. काळा, बुरशीचा भाग फेकून द्या. खायला घालण्याआधी तासभर पसरून ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. युरियाचं पाणी उघडं ठेवलं आणि जनावराने तोंड घातलं तर वाचवणं कठीण.

भाताच्या पेंढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, तेव्हा रोज ३०-५० ग्रॅम खनिज मिश्रण द्याच.

खुंटा-दावं
शेण वाहून नेण्यापेक्षा जनावरच रात्री खाचरात बांधा. एका जनावराचं रात्रीचं शेण पाचेक किलो, चौघांचं वीस. एकरी पाच टन म्हणजे गुंठ्याला १२५ किलो, म्हणजे एका गुंठ्यावर सहा रात्री. रोज खुंटे दीड-दोन मीटर सरकवत गेलात तर २४० रात्रींत एक एकर होतो. मूतही तिथेच मुरतं. गोठ्यातून शेण वाहताना ते हातचं जातं आणि नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो.

माळरान
पश्चिम आफ्रिकेच्या सव्हानात, म्हणजे तिकडच्या गवताळ माळरानात, हेच जुनं गणित आहे. पावसाचे चारेक महिने, पुढे कोरडं. फरक एवढाच की तिथे वर्षाला ६०० ते १२०० मिमी, आपल्याकडे अडीच हजारांच्या आसपास. ज्वारी-बाजरी निघाली की फुलानी जमातीचे गुराखी कळप शेतात आणतात. गुरं धाटं खातात, रात्री तिथेच बसतात, शेतमालक धान्य किंवा पैसे देतो. आपल्याकडे घाटावरचे धनगर कोकणात उतरून मेंढरं बसवतात, तोच सौदा.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. गाय सुपीकता तयार करत नाही, एका जागेची दुसऱ्या जागी नेते. तुमचाच पेंढा खाऊन तुमच्याच खाचरात शेण पडलं तर जमिनीला आलं काय? दिवसा गायरान-वरकसावर चराई, रात्री खाचर. फायदा तिथे आहे. तिकडे म्हणूनच एक हेक्टर शेतामागे कित्येक हेक्टर कुरण लागतं.

आणि सौदा फाटतो तोही ओळखीच्या जागी. नदीकाठच्या ओल्या जमिनीत लोक कोरड्या दिवसांत कांदा-मिरची लावू लागले, धाटं विकू लागले. कळपाला वाट राहिली ना चारा. तुमचा वाल हा तोच पेच.

तिकडे शेतात फेडर्बिया नावाचं बाभळीच्या कुळातलं झाड राखतात. पावसात पानं गाळतं, उन्हाळ्यात हिरवं होतं आणि शेंगा गुरांना. आपल्याकडे तसं झाड नाही. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. चिखलणीच्या वेळी पाला खाचरात गाडता येतो. सुबाभूळ चालेल, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याखालीच. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे जनावराचे केस गळतात.

बांधकोर
खुंटा-दावंचं गणित बरोबर, जागा चुकते. मुरबाडकडे बिबट्या आणि गुरंचोर दोन्ही, उघड्यावर चार जनावरं बांधून घणसोलीत झोप लागेल? राखणदार किंवा काटेरी वाडगं लागेलच. शिवाय मार्चमध्ये खाचर दगडासारखं असतं. शेण वरच वाळतं, अमोनिया उडून जातो. घराजवळच्या खाचरांत बांधा, लांबच्यांत कुजवलेलं खत पहिल्या पावसाआधी नेऊन टाका.

कापणीनंतर ओल्या खाचरात लगेच चारू नका. गोगलगायींमुळे पर्णकृमी होतो: जबड्याखाली सूज, पातळ हगवण. औषध पशुवैद्यकाला विचारूनच. घटसर्प-फऱ्याची लस मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी.

वाल एकट्याने टाकलात तर तो गुरांचाच. शेजाऱ्यांसह सलग पट्टा करा आणि गुरं कधी सोडायची ते ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या. १८७१चा गुरांच्या घुसखोरीचा कायदा (कॅटल ट्रेसपास ॲक्ट) कोंडवाड्याची सोय देतो, पण शेजाऱ्याची गाय कोंडली की पुढच्या आवणीला (भात लावणीला) माणूस मिळत नाही.

खाचरवाला
मग राबाचं (रोपं वाढवायच्या वाफ्याचं) काय? भाऊबंद शेण-पाला जाळूनच रोपं टाकतात.

उडवी
तण मरतं म्हणून लोक सोडत नाहीत, पण नत्र धुरात जातं. चार गुंठे राब घालायचा झाला तर शेण वाचवा: गादीवाफे करा, गुंठ्याला सव्वाशे किलो कुजलेलं शेणखत आणि चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळा. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीतही राख आहेच. राख गिरणीवर किंवा भट्टीवर मिळते. पांढरी झालेली घेऊ नका.