मदत हवी आहे: घरीच व्हील बेअरिंग बदलतोय, मधला नट सुटत नाहीये

घाईगडबड: व्हील बेअरिंग गेलंय, नवीन आणलंय. व्हिडिओत माणूस चहा पिता पिता बदलतो, इथे मधला मोठा नटच हलत नाही. पान्याला पाईप घालून जोर लावला की अख्खं चाक फिरतं. सोमवारी गाडी हवी आहे. "गॅरेजला द्या" सोडून काय ते सांगा.

नटबोल्ट: गाडी कोणती? पुढचं चाक की मागचं?

सुखी माणूस: गॅरेजला द्या.

घाईगडबड: @सुखी माणूस, वाचता येतं ना? स्विफ्ट आहे. पुढचं डावं.

नटबोल्ट: साल? एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का? आणि डावंच कशावरून?

घाईगडबड: २०१३, डिझेल. एबीएस आहे. आवाज डावीकडून येतो म्हणून डावं. नटाचं बोला ना.

सातारारोड: अहो, आत बसून ऐकलेल्या आवाजावर जाऊ नका. साठच्या वेगाला घूं घूं सुरू झालं की मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे घ्या. वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावं. आणि टायर खालीवर झिजला असला तरी हुबेहूब तसाच आवाज येतो. पुढची चाकं मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर बेअरिंग बिचारं निर्दोष.

घाईगडबड: उजवीकडे वळताना वाढतो. म्हणजे डावंच. नट??

नटबोल्ट: चाक हवेत ठेवून सुटणारच नाही. गाडी खाली घ्या, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना विटा, आत कोणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसवा. त्याआधी नटाची कडा बघा. अ‍ॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) खाचेत ठोकून दाबलेली असते, ती बारीक छिन्नीने उचला. ती तशीच ठेवून जोर लावलात तर आटे जातील. जुना नट परत वापरायचा नाही, नवा आणा. नट काढल्यावर गाडी ढकलूही नका.

कोकणी काका: गाडीबरोबर येतो तो जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. नुसत्या त्याच्यावर ठेवून खाली हात घालू नये. स्टँड नसेल तर निदान काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवा.

हातोडा३६: नट सुटला की पुढे सोपं आहे. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मागून ठोकून काढा, जुनं बेअरिंग पाईपच्या तुकड्याने बाहेर, नवं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून ठोकून आत. आमच्या ओम्नीचं असंच केलंय, दाबायचा प्रेसबिस काही लागत नाही.

नटबोल्ट: ओम्नीला मागून ड्राइव्ह, तिच्या पुढच्या चाकात अ‍ॅक्सल येतच नाही. तो हिशोब इथे कसा लागेल? स्विफ्टचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी सांगाड्यात) दाबून बसवलेलं असतं आणि हब बेअरिंगमध्ये. नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार. उलटं केलंत की जोर गोळ्यांवर येतो, रिंगवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं घूं करायला लागतं.

हातोडा३६: ओम्नी अजून चालतेय, एवढंच सांगतो.

सातारारोड: चालतेय हो, पण रेडिओ मोठा लावून असाल.

पेठेतला: बेअरिंग कुठून आणलं? नाना पेठेत खोक्यावर नाव एक आणि आत माल दुसराच, असंही बघितलंय. बिल घेतलंत ना? एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला आणि आपणच डुप्लिकेट घ्यायचं!

हिरवळ: टायरमध्ये नायट्रोजन भरा.

सुखी माणूस: नायट्रोजनने बेअरिंग बरं होतं का?

घाईगडबड: नट सुटला! कडा उचलली, खालच्या मजल्यावरच्या काकांना ब्रेकवर बसवलं, कडाक्कन आवाज आला आणि सुटला. आता प्रेस कुठून आणू?

नटबोल्ट: प्रेस आणायचा नाही, नकल न्यायची. आधी एबीएसचा सेन्सर काढा, ओढू नका, तुटतो. कॅलिपर (ब्रेकची पकड) काढून तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मग नकल मोकळी करायला टायरॉड एंड, खालचा बॉल जॉइंट, स्ट्रटचे दोन बोल्ट सोडवा. नकल हबसकट पिशवीत घालून लेथवाल्याकडे. हब निघताना जुन्या बेअरिंगची आतली रिंग हबवरच अडकून येते, ती कापून काढताना हबला चरा पडू देऊ नका म्हणावं. दाबण्याआधी सर्क्लिप (बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी) काढायला सांगा, नंतर बसवली का ते स्वतः बघा. आणि नव्या बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना टाचणी लावून बघा. एका बाजूला किंचित चिकटली तर ती चुंबकाची पट्टी, ती बाजू सेन्सरकडे. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा विझणार नाही.

घाईगडबड: तपकिरी बाजूला चिकटतेय. रविवारी लेथ उघडं असतं का कुठे?

कोकणी काका: तुम्ही राहता कुठे ते सांगाल तर ना!

हातोडा३६: फ्रीझर तर घरीच आहे.

घाईगडबड: वारजे.

पेठेतला: शिवण्याकडे विचारा, तिकडे लेथवाले आहेत. आधी फोन करून मगच निघा. सगळं जोडलं की नट नवा, शेवटचा टॉर्क (नट आवळायचा जोर) चाक जमिनीवर असताना मॅन्युअलप्रमाणे, आणि अलाइनमेंट करून घ्या.

सुखी माणूस: म्हणजे शेवटी गॅरेजलाच.