पदक नव्हे, चौथा क्रमांक हुकला

माँट्रियल ऑलिंपिक १९७६च्या ८०० मीटर फायनलमध्ये पहिली फेरी वेड्यासारखी पळून भारताच्या श्रीराम सिंगनी पदक घालवलं, असं म्हटलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. पहिली फेरी ५०.८५, एकूण १:४५.७७, म्हणजे दुसरी ५४.९२. फरक चार सेकंदांचा. हा जास्तच, कारण ८०० मध्ये दुसरी फेरी साधारण दोन सेकंदांनी मंदावते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकला केनियाच्या विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशाचं गणित ४९.२८ अधिक ५१.६३ होतं. पहिल्या फेरीतली जास्तीची अर्धी-पाऊण सेकंद शेवटच्या २०० मीटरमध्ये दामदुपटीने वसूल होते: पाय जड होतात, खांदे वर चढतात, टाच आधी टेकायला लागते.

पण कांस्यपदक गेलं १:४४.१२ला. ५१.५ आणि ५३.५ अशी वाटणी केली असती तरी वेळ १:४५ च्या आसपास, म्हणजे फार तर चौथा क्रमांक (तो १:४५.२६ला मिळाला). प्रत्यक्षात सातवे आले, सहाव्यापेक्षा फक्त ०.०२ मागे!

आणि श्रीराम सिंगची ती १:४५.७७ची वेळ भारतीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली. जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ धावून ती मोडली. तब्बल ४२ वर्षं! प्रशिक्षक इलियास बाबर यांनी श्रीराम सिंगना ४०० वरून ८०० कडे वळवलं, तो निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो.