बंद पडलेलं न्यूजलेटर परत सुरू करतोय, नोकरी नवीन (पेपरात), मेल स्पॅममध्ये जातोय. मदत हवी

विहिरीकाठचा
मंडळी, जरा लवकर सांगा, रविवारी अंक टाकायचाच आहे. माझं एक ईमेल न्यूजलेटर होतं. कोल्हापूरच्या पेठा, तालमी, बुजवलेल्या विहिरी, पुराच्या खुणा, असलं काहीबाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत थांबलं ते थांबलंच. आता इथल्याच एका दैनिकात लागलोय, लिहायचा हात परत बसलाय, तर म्हटलं तेही उठवावं. यादी आहे, मजकूर तयार आहे. पण चाचणी म्हणून घरच्यांना पाठवलं तर भावाच्या स्पॅममध्ये आणि बहिणीच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडलं. हे कसं थांबवायचं? आणि इतक्या वर्षांनी जाणाऱ्या मेलची विषयओळ काय ठेवू? एवढंच सांगा. सातत्य कसं राखावं वगैरे नको, ते ऑफिसात रोज ऐकतो.

डीएनएसवाला
कशावरून पाठवताय? यादीत किती जण? स्वतःचं डोमेन आहे का? हे न सांगता काय सांगणार, पंचांग बघून?

तांबडा_पांढरा
भावा, मेल कोण उघडतंय आता? व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढ. आमच्या तालमीचं हाय. मॅचचा निकाल टाकला की शाहू स्टेडियममधनं माणसं बाहेर पडायच्या आत सगळ्या पेठेला कळतंय. लय सोपं.

सातवी_गल्ली
चॅनेलवरचे लोक तुमचे नसतात. त्यांची यादी उतरवून घेता येत नाही, उद्या कंपनीनं नियम फिरवले की बसा बोंबलत. मेलची यादी निदान आपल्या खिशात राहते. शिवाय फुटबॉलचा निकाल वेगळा आणि दीड हजार शब्दांचा लेख वेगळा.

तांबडा_पांढरा
दीड हजार शब्द शेवटपर्यंत वाचणारा माणूस दाखवा, मिसळ माझ्याकडनं. कट वाढीव.

विहिरीकाठचा
ओ, मिसळीवर जाऊ नका. डीएनएसवाले, नेहमीचीच पद्धत हो. जीमेलवरून, सगळे पत्ते बीसीसीत (म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही). यादी सहाशेच्या आसपास. आधी टायनीलेटर नावाच्या न्यूजलेटर सेवेवर होतो, तिथून तेव्हाच एक्सेलमध्ये उतरवून घेतली होती.

डीएनएसवाला
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 पत्त्यांच्या वर मेल जात नाही. टायनीलेटर तर 29 फेब्रुवारी 2024 ला कायमचं बंद झालं, म्हणजे यादी चांगलीच शिळी. त्यात डिसेंबर 2023 पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकतंय, त्यामुळे त्यातले काही पत्ते मेलेले असणार. अशा यादीवर एकदम गठ्ठा सोडला की मेल धडाधड परत येतात, आणि जे जिवंत आहेत ते ‘हा कोण बाबा’ म्हणून स्पॅमचं बटण दाबतात. स्पॅम तक्रारी 0.3 टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं गूगल सांगतं. सहाशेत दोघांनी दाबलं की तुम्ही त्याच्या वर.

तेव्हा बीसीसी सोडा. एक तर डोमेन घेऊन त्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी लावा (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे त्यांवरून पटतं), नाही तर सबस्टॅकसारख्या सेवेवरून पाठवा, तिथं ही भानगड तेच बघतात. रविवारी लेख पाठवूच नका. आधी नुसतं पत्र, पन्नास-पन्नास जणांच्या तुकडीनं, आणि पूर्वी जे उत्तरं द्यायचे त्यांना सगळ्यात आधी. असं काहीतरी:

‘नमस्कार. काही वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या कोल्हापूरविषयीच्या पत्रासाठी नाव दिलं होतं. मध्ये ते बंद होतं, आता परत सुरू करतोय. यायला हवं असेल तर नुसतं “हो” लिहून उत्तर द्या. नको असेल तर खालच्या लिंकवर नाव काढता येईल. काहीच कळवलं नाही तरी मी पुन्हा त्रास देणार नाही.’

उत्तर आलं की जीमेललाही कळतं की हा माणूस ओळखीचा आहे. आणि वर्डमधून चिकटवू नका, सोबत भलता कचरा येतो. 102 केबीच्या पुढं जीमेल मेल कापतं. देवनागरीचं एकेक अक्षर, काना, मात्रा यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात 3 बाईट खातं, त्यामुळे आपला मेल इंग्रजीपेक्षा लवकर फुगतो. कापला की तळातली नाव काढायची लिंकच गायब, मग लोक काय दाबणार? स्पॅम.

पान_सुटलं
उभी नोकरी पेपरच्या डेस्कवर गेली, म्हणून विचारतो. नियुक्तीपत्र नीट वाचलंत का? लेखी परवानगीशिवाय अन्यत्र लेखन करू नये, अशी ओळ असते बऱ्याच ठिकाणी. संपादकांच्या कानावर घातलंय?

विहिरीकाठचा
त्याचा इथं काय संबंध? पैसे घेत नाही, ऑफिसच्या वेळेत लिहीत नाही, लॅपटॉप माझा. मला फक्त स्पॅमचं आणि विषयओळीचं सांगा.

पान_सुटलं
बीट कोणतं, म्हणजे बातम्या कशाच्या देता? आणि रविवारचा विषय?

विहिरीकाठचा
महापालिका. विषय रंकाळा तलाव. नाल्यांचं सांडपाणी, जलपर्णी, आजवरचे आराखडे.

पान_सुटलं
मग झालं की! रंकाळा महापालिकेकडं, महापालिका तुमच्याकडं. रविवारी तुमच्या पत्रात एखादी नवी ओळ आली आणि सोमवारी ती दुसऱ्या पेपरात ‘सूत्रांकडून समजते’ म्हणून छापून आली, की सकाळच्या मीटिंगला उभं कुणाला करतील? प्रोबेशनवर आहात ना?

कलम_बहाद्दर
घाबरवू नका त्यांना. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. नोकरीत वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा फक्त वृत्तपत्रात, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळा लेखकाचा. घरी लिहिलेल्या न्यूजलेटरचा तर प्रश्नच येत नाही.

पान_सुटलं
त्याच कलमात ‘विरुद्ध करार नसेल तर’ असंही आहे, तेवढं कसं गाळलंत? आणि वकीलसाहेब, पेपरात भांडणं कॉपीराइटवरून होत नाहीत. बातमी आधी कुणाला दिली यावरून होतात.

कलम_बहाद्दर
मी कायद्याचं बोलतोय, तुम्ही धाकाचं.

पान_सुटलं
पगार धाकवाले देतात.

इतिहासाचा_विद्यार्थी
या निमित्तानं आठवण करून देतो. डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली होती. कोल्हापूरला स्वतंत्र लेखणीचा मोठा वारसा आहे, याचं भान नव्या पत्रकारांनी ठेवावं.

सातवी_गल्ली
वारसा मोठाच आहे सर, पण यांचं घोडं स्पॅममध्ये अडलंय.

तांबडा_पांढरा
यांना पण द्या कुणीतरी 2,500, डोमेन तरी येईल.

विहिरीकाठचा
अपडेट. संपादकांशी बोललो. नाही म्हणाले नाहीत. बीटवरचं काही नको, पेपरचं नाव कुठं नको, आणि विषय आधी मेलनं कळवत जा, एवढंच. रंकाळ्याचा मजकूर मात्र बघायला मागितला आणि ठेवूनच घेतला. पेपरात लावतायत, माझ्या बायलाईननं, म्हणजे वर माझं नाव. त्यामुळे न्यूजलेटरला आता विहिरी. सबस्टॅकवर यादी चढवली, आज रात्री बातम्या देऊन घरी आलो की पहिल्या पन्नासांना पत्र जाईल.

पान_सुटलं
उत्तम. हे सगळं त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तो मेल जपून ठेवा. संपादक बदलतात.

शाहूपुरीकर
मी जुना वाचक! 2019 च्या पुरावरचा तुमचा अंक अजून ठेवलाय. तेव्हा ऑफिसचा मेल दिला होता, ती नोकरी सुटली. नवा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

विहिरीकाठचा
करा की, लगेच. आणि मंडळी, विषयओळ काय ठेवू ते अजून कुणी सांगितलंच नाही.

तांबडा_पांढरा
चॅनेलला विषयओळ लागत नाही.