युनिट चाचण्यांत इलेक्ट्रॉन मॉड्यूल मॉक करावे का?

मूळ मत
इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या चौकटीवर) उभ्या असलेल्या डेस्कटॉप ॲप्लिकेशनच्या चाचण्या जेस्ट या चाचणी साधनामध्ये लिहिताना संपूर्ण इलेक्ट्रॉन मॉड्यूल मॉक करण्याची, म्हणजे त्याच्या जागी नकली मॉड्यूल ठेवण्याची, पद्धत सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. फाइल निवडण्याची खिडकी उघडणारे फंक्शन पूर्वी निवडलेल्या पाथांचा ॲरे थेट देत असे. इलेक्ट्रॉनच्या ६व्या आवृत्तीपासून ते प्रॉमिस (उत्तर नंतर पुरवणारे ऑब्जेक्ट) देते आणि पाथ त्यातून मिळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये असतात. आम्ही आवृत्ती बदलली, पण मॉक जुना ॲरेच देत राहिला. सर्व चाचण्या हिरव्या होत्या आणि वापरकर्त्यांना मात्र एकही फाइल उघडता येत नव्हती.

प्रतिसाद १
हा दोष मॉकचा नाही, त्याची निगा न राखल्याचा आहे. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) साध्या प्रक्रियेत इलेक्ट्रॉन रिक्वायर केले, तर एपीआय (वापरायची फंक्शने) मिळत नाही, केवळ एक्झिक्युटेबलचा पाथ असलेली स्ट्रिंग मिळते. त्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या कोडची चाचणी जेस्टमध्ये मॉकशिवाय सुरूच होत नाही. मॉकला टाइपस्क्रिप्टचे (जावास्क्रिप्टला डेटाचे प्रकार जोडणाऱ्या भाषेचे) टाइप लावले असते, तर तुमची चूक कंपाइल करतानाच दिसली असती.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
टाइपचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु टाइप फक्त आकार तपासतात, वर्तन नाही. ८व्या आवृत्तीपासून इलेक्ट्रॉनच्या प्रक्रियांमधील संदेश स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धतीने, म्हणजे डेटाची प्रत करून, जातात, म्हणून फंक्शन असलेले ऑब्जेक्ट पाठवले की प्रत्यक्षात एरर येते. मॉक मात्र तेच ऑब्जेक्ट जसेच्या तसे पुढे देतो आणि चाचणी उत्तीर्ण होते. म्हणून इलेक्ट्रॉनला हात लावणारा कोड एका पातळ मॉड्यूलमध्ये ठेवावा, ते बाकीच्या फंक्शनांना आर्ग्युमेंट म्हणून द्यावे आणि त्या थराची तपासणी खऱ्या ॲपमध्येच करावी.

प्रतिसाद २
नव्या प्रकल्पासाठी मीही हेच सुचवेन. पण ज्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक फाइल इलेक्ट्रॉन थेट इम्पोर्ट करते, तिथे हा थर वेगळा काढताना काही मोडले तर ते कळणार कसे? शिवाय खऱ्या ॲपमधील तपासणीसाठी वापरले जाणारे स्पेक्ट्रॉन हे साधन २०२२ मध्ये अधिकृतपणे बंद झाले, आणि प्लेराइट या ब्राउझर-चाचणी साधनामध्ये इलेक्ट्रॉनची सोय असली तरी ती प्रायोगिक म्हणूनच दिलेली आहे. अशा कोडमध्ये मी आधी मॉकच्या आधारे चाचण्या उभ्या करीन, त्यांच्या पहाऱ्यात एकेक फाइल नव्या थराकडे वळवीन आणि फाइल वळली की तिच्या चाचणीतला मॉक त्याच कमिटमध्ये (कोडमधील बदलांच्या नोंदीत) काढून टाकीन.