एकच फाईल दोन सर्व्हरवर: एकावर उदगीरवाल्यांना येऊ देईना, दुसऱ्यावर कुणालाच अडवेना

डाळमिल_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून सर्व्हरपर्यंत. शिक्षण बीकॉम, लिनक्स पोटासाठी शिकलो, त्यामुळं काही येडपटासारखं विचारलं तर सांभाळून घ्या.

जुना सर्व्हर सेंटओएस ७ चा. त्याच्यावर स्टॉक आणि काटापावतीचा काळ्या पडद्यावरचा जुना प्रोग्राम चालतो, पोरं पुट्टीनं लॉगिन करून वापरतात. यंदा उदगीरला खरेदीचं दुसरं केंद्र टाकलं. तिथल्या पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघून मी होस्ट्स.अलाऊमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्या यादीत, एक ओळ वाढवली. तरी उदगीरचा पीसी आत येईना. पुट्टी उघडली की लगेच 'सर्व्हर अनएक्स्पेक्टेडली क्लोज्ड नेटवर्क कनेक्शन' म्हणून खिडकी येते. पासवर्ड विचारायच्या आधीच. लातूरच्या ऑफिसात काही अडचण नाही.

दुसरी गंमत. सेंटओएस ७ चं आयुष्य ३० जून २०२४ लाच संपलं, म्हणून नवीन मशीनवर अल्मालिनक्स ९ टाकून ठेवलंय. होस्ट्स.अलाऊ आणि होस्ट्स.डिनाय दोन्ही फाईली जशाच्या तशा तिकडं कॉपी केल्या. तिथं मात्र मी घरून, मोबाईलच्या नेटवरून सुद्धा सरळ आत! डिनायमध्ये 'सगळ्यांना बंद' लिहिलेलं असून.

फाईल तीच. एक मशीन घरच्याला उंबरा ओलांडू देईना आणि दुसरं गावजेवण घालायलंय. तुरीची आवक सुरू झालीय, शेठ दर तासाला विचारायलेत. काय करावं?

वाळूज_नाईटशिफ्ट

एसएसएचडी (लॉगिन घेणारा प्रोग्राम) रिस्टार्ट मारा दोन्हीकडं. नाहीच झालं तर मशीन रीबूट.

सिस्टिमवाली_जालना

रिस्टार्टनं काही होणार नाही. या फाईली प्रत्येक नवीन कनेक्शनच्या वेळी नव्यानं वाचल्या जातात. सेव्ह केलं की लागू.

डाळमिल भाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत, फक्त फाईलच्या नावामुळं एक वाटतायत. आधी दोन्ही मशीनवर हे चालवा आणि काय येतं ते सांगा. एसएसएचडी या फाईली वाचणारी लिबरॅप लायब्ररी वापरतो का, ते यातून कळतं. इथं देवनागरीत लिहितेय, तुम्ही अर्थात इंग्रजीतच टाइप करा:

एलडीडी /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी | ग्रेप लिबरॅप

त्यानंतर जुन्या मशीनवर /व्हार/लॉग/सिक्युअर उघडा, उदगीरहून एकदा प्रयत्न करायला लावा, आणि त्याच क्षणी शेवटी काय ओळी पडतात त्या इथं द्या. दोन्ही फाईलींचा मजकूरही द्या. अंदाजानं नाही, कॅट (फाईल पडद्यावर दाखवणारी कमांड) करून.

गोदाकाठ_नांदेड

ताईंनी सांगितलंय ते करायच्या आधी एक हात जोडून विनंती. जुन्या मशीनवर एक लॉगिन उघडं ठेवा आणि ती खिडकी अजिबात बंद करू नका. चालू असलेलं कनेक्शन या फाईलींनी तुटत नाही, नवीन मात्र अडतं.

हे मी किनवटच्या एका ऑफिसच्या सर्व्हरवर शिकलो. नांदेडहून बसून आधी डिनायमध्ये 'ऑल : ऑल' लिहिलं, म्हणलं अलाऊ आता लिहितो, आणि आमच्या गल्लीतली लाईट गेली. राउटर बंद, कनेक्शन तुटलं. लाईट आली तोवर मी बाहेरचा झालेलो. दुसऱ्या दिवशी लालपरीनं किनवट गाठलं, मॉनिटर-कीबोर्ड लावून एक ओळ टाइप केली आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी. तेव्हापासून आधी अलाऊ, मग डिनाय.

डाळमिल_लातूर

उशीर झाला, काट्यावर गाड्यांची रांग होती.

एलडीडी: जुन्यावर 'लिबरॅप.एसओ.०' असं काहीतरी येतंय. नव्यावर काहीच येत नाही, नुसता प्रॉम्प्ट.

होस्ट्स.अलाऊ:

# लातूर ऑफिस
एसएसएचडी : १२७.०.०.१ १९२.१६८.१.
# उदगीर
एसएसएचडी : १९२.१६८.२.

होस्ट्स.डिनाय:

ऑल : ऑल

आणि लॉगमध्ये उदगीरच्या प्रयत्नाला दोन ओळी पडल्या:

वॉर्निंग: /ईटीसी/होस्ट्स.अलाऊ, लाईन ४: मिसिंग न्यूलाईन ऑर लाईन टू लाँग
रिफ्यूज्ड कनेक्ट फ्रॉम १०.८.०.६

हा १०.८ कोण? असा आयपी आमच्याकडं कुणाचाच नाही.

सिस्टिमवाली_जालना

सगळं लॉगनंच सांगितलं की हो.

पहिली ओळ वाचा. चौथी ओळ, म्हणजे तुमची उदगीरची. ती फाईल विंडोजवर नोटपॅडमध्ये उघडून, ओळ वाढवून परत चढवली ना? शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबला नाही की ही लायब्ररी ती ओळ नियम म्हणून धरतच नाही, लॉगमध्ये तक्रार लिहिते आणि सोडून देते. कॅट केल्यावर प्रॉम्प्ट नवीन ओळीवर न येता शेवटच्या ओळीलाच चिकटून आला असेल बघा. व्हीआय (लिनक्सवरचा एडिटर) वापरला असता तर त्यानं शेवटचा एंटर आपला आपण घातला असता.

पण नुसता एंटर दाबून उदगीर आत येणार नाही, कारण दुसरी ओळ. उदगीरचा पीसी लातूरला कसा जोडलाय? ओपनव्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटमधून खाजगी बोगदा काढून?

डाळमिल_लातूर

होय, एंटरचं बरोबर ओळखलंत ताई, नोटपॅडच. आणि होय, ओपनव्हीपीएन. लातूरला एक छोटा बॉक्स आहे, उदगीरच्या पीसीवर क्लायंट टाकलाय. पण तिथं आयपीकॉन्फिग केलं तेव्हा १९२.१६८.२.१५ दिसला होता, म्हणून तसं लिहिलं.

सिस्टिमवाली_जालना

तो उदगीरच्या राउटरनं त्या पीसीला दिलेला घरगुती पत्ता. सर्व्हरला तो दिसतच नाही. व्हीपीएनमधून येताना पीसीच्या अंगावर व्हीपीएनचा पत्ता असतो, आणि ओपनव्हीपीएनच्या नमुना सेटिंगमध्ये १०.८.० हीच मालिका असते. आयपीकॉन्फिगमध्ये तोही दिसला असणार, वर कुठंतरी दुसऱ्या अडॅप्टरखाली. तुम्ही खालचा घेतलात.

नियम लिहिताना पाहुण्यानं स्वतःचं नाव काय सांगितलं ते बघायचं नाही, सर्व्हरनं त्याला कोणत्या नावानं ओळखलं ते बघायचं. ते लॉगमध्येच मिळतं.

चौथी ओळ अशी करा:

एसएसएचडी : १०.८.०.

शेवटचा टिंब विसरू नका. टिंब असला तर '१०.८.० नं सुरू होणारे सगळे' असा अर्थ होतो. नुसता १०.८.०.६ लिहू नका, आज ६ मिळालाय, उद्या पीसी बदलला की १० मिळेल आणि तुम्ही परत इथं याल. आणि मग एंटर.

परळी_बॅकअप

मधेच घुसतो. टिंबाऐवजी १०.८.०.०/२४ असं स्लॅश २४ लिहिलं तर नाही का चालणार? मी तर तसंच लिहितो.

गोदाकाठ_नांदेड

तुम्ही डेबियन-उबुंटूवाले असणार. तिकडं चालतं, त्यांनी लायब्ररीत तशी सोय केलीय. मूळ प्रोग्राममध्ये आयपीव्ही४ साठी स्लॅशपुढं पूर्ण मास्क लागतो, २५५.२५५.२५५.० असा, आणि रेड हॅटच्या आर एचईएल ६ च्या (ज्या लिनक्सवरून सेंटओएस बनलं ते) मॅन्युअलमध्येही स्लॅश २४ चालत नाही असं स्पष्ट दिलंय. शेवटचा टिंब किंवा पूर्ण मास्क, हे दोन्ही कुठंही चालतात. मी तेवढंच वापरतो, डोक्याला ताप नाही.

आणखी एक, नवीन माणसं हमखास चुकतात ते: डाव्या बाजूला सर्व्हिसचं नाव नाही, प्रोग्रामचं नाव लागतं. 'एसएसएच' लिहिलं तर काही उपयोग नाही, 'एसएसएचडी'च पाहिजे. यात लॉगमध्ये तक्रारसुद्धा येत नाही, कारण एसएसएच नावाचा दुसरा प्रोग्राम असू शकतो असं ते धरून चालतं.

डाळमिल_लातूर

उदगीर आलं आत!! पोरानं पहिली काटापावती काढून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ताई, दादा, लई उपकार झाले.

आता नव्या मशीनचं? तिथं अलाऊ-डिनाय दोन्ही आहेत, एंटर पण दाबला, तरी मोबाईलवरून आत जायलोय.

सिस्टिमवाली_जालना

एलडीडीला तिथं काहीच आलं नव्हतं ना, तेच उत्तर. त्या मशीनवरचा एसएसएचडी या फाईली उघडतच नाही. ओपनएसएसएचवाल्यांनी २०१४ सालीच, ६.७ या आवृत्तीत, टीसीपी रॅपरचा (या अलाऊ-डिनाय फाईली वाचून अडवणारा तो, लिबरॅप त्याचीच लायब्ररी) आधार काढून टाकला. सेंटओएस ७ मध्ये रेड हॅटनं तो स्वतः जोडून दिलेला होता म्हणून तुमचं चालत राहिलं. आर एचईएल ८ पासून त्यांनीही ते पॅकेजच काढलं. अल्मा ९ त्याच वंशातलं. डेबियन आणि उबुंटूनं मात्र तो पॅच अजून ठेवलाय, म्हणून नेटवर कुणी सांगतं चालतं, कुणी सांगतं चालत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वाईट हे की ती फाईल तिथं असली तरी कुठूनही एरर येत नाही. भिंतीवर 'प्रवेश बंद'ची पाटी आणि दार सताड उघडं.

गोदाकाठ_नांदेड

थोडा इतिहास, कुणाला आवडत असेल तर. हा टीसीपी रॅपर वीत्झे वेनेमा यांनी १९९० साली लिहिला, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात. तिथं एक चोर मशीनमध्ये शिरून सगळ्या फाईली पुसून जायचा. तो येतो कुठून हे कळावं म्हणून सर्व्हिसच्या पुढं हा छोटा पहारेकरी बसवला. म्हणजे जन्म वहीत नाव लिहायला झाला, दार अडवायचं काम मागाहून आलं. पुढं याच माणसानं पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिहिला. तेव्हा आजच्यासारखी फायरवॉल प्रत्येक मशीनमध्ये नव्हती. आता ती कर्नलमध्येच आहे, म्हणून याला निवृत्ती.

डाळमिल_लातूर

मग नव्यावर फायरवॉल-डी? मला त्याची भीतीच वाटते. एकदा चुकलं की मीच बाहेर.

सिस्टिमवाली_जालना

भीती वाटायचं कारण नाही, उलट यात तुम्हाला किनवटची एसटी लागणार नाही. फायरवॉल-डीमध्ये 'परमनंट' न लिहिता केलेला बदल तात्पुरता असतो. बाहेर अडकलात तर वॉचमनला फोन करून मशीन बंद-चालू करायला सांगा, सगळं पहिल्यासारखं.

'ऑफिस' नावाचा झोन (नियमांचा एक गट) करा. झोन तयार करणं तेवढं परमनंटच करावं लागतं, मग एकदा रीलोड. त्यानंतर त्यात सोर्स म्हणून १९२.१६८.१.०/२४ आणि १०.८.०.०/२४ घाला (इथं स्लॅश २४ च लागतो, परळीकर खूश), आणि त्याच झोनमध्ये एसएसएच सर्व्हिस द्या. दोन्हीकडून नवीन खिडकी उघडून लॉगिन होतंय हे बघा. मगच पब्लिक झोनमधून एसएसएच काढा. परत सगळीकडून तपासा, आणि समाधान झालं की 'रनटाइम-टू-परमनंट', म्हणजे सगळं कायमचं.

मोबाईलवरून तपासताना काय दिसतं त्याकडं लक्ष द्या. रॅपर अडवायचा तेव्हा जोडणी होऊन लगेच तुटायची, ती तुमची पुट्टीची खिडकी. फायरवॉल-डी नकार देतो तेव्हा लिनक्सवरून बहुतेक 'नो रूट टू होस्ट' दिसतं. नुसतं बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं तर पॅकेट वाटेतच कुणीतरी गिळलंय. पुढच्या वेळी कुठं शोधायचं हे त्या एका वाक्यावरून ठरतं.

वाळूज_नाईटशिफ्ट

माझ्या रिस्टार्टवर सगळे हसून झाले असतील तर एक विचारू? मोबाईलच्या नेटवरून ऑफिसच्या आतल्या मशीनपर्यंत हा माणूस पोचलाच कसा? राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडं वळवणं) आहे म्हणजे.

डाळमिल_लातूर

आहे की. आधीच्या माणसानं करून ठेवलं होतं, मी नवीन मशीन आल्यावर ते तिकडं वळवलं. शेठला घरून बघायला.

सिस्टिमवाली_जालना

वाळूज, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. मीच विचारायला पाहिजे होता.

डाळमिल भाऊ, नव्या मशीनवर सिक्युअर लॉगमध्ये 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' शोधा, मग रात्री झोप येते का बघा. व्हीपीएन आहेच तुमच्याकडं. शेठच्या मोबाईलवर ओपनव्हीपीएनचं ॲप टाका, त्यांना वेगळं सर्टिफिकेट करून द्या, आणि राउटरवरचं ते फॉरवर्ड काढून टाका. शेठच्या मोबाईलचा आयपी रोज बदलणार, त्यासाठी कुठल्याच फाईलीत ओळ लिहिता येणार नाही. १०.८.० मध्ये आले की आधीच्याच नियमात बसतात.

डाळमिल_लातूर

शोधलं. पानंच्या पानं. 'ॲडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल', कुठल्या कुठल्या नावानं प्रयत्न करायलेत लोक. आमच्या डाळीत यांना काय सापडणार होतं देव जाणे.

फॉरवर्ड काढलं. झोन केला, लातूर आणि उदगीर दोन्हीकडून चालतंय, मोबाईलवरून व्हीपीएनशिवाय जाईना. शेठला ॲप टाकून दिलं, त्यांनी 'आधी चांगलं चालत होतं की' म्हणलं. असो.

परळी_बॅकअप

जुन्या मशीनवर फेल-टू-बॅन (सारखे चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) होतं का? आणि त्याची सेटिंग पण नव्यावर कॉपी केली असेल तर त्यात बॅनॲक्शन, म्हणजे अडवायची पद्धत, काय आहे ते बघा. 'होस्ट्सडिनाय' असेल तर तो इमानदारीनं चोरांची नावं त्याच फाईलीत लिहीत बसला असेल, जी आता कुणीच वाचत नाही.

डाळमिल_लातूर

बघतो.

होती. तेच लिहिलेलं. नव्या मशीनवरची होस्ट्स.डिनाय उघडली तर खाली उतरता उतरता बोट दुखलं. बॅनॲक्शन फायरवॉल-डीचं केलं आणि दोन्ही फाईली तिथून काढून टाकल्या, परत कुणी माझ्यासारखा येऊन त्यात ओळ वाढवायला नको. जुन्यावर मात्र उदगीरची ओळ आहे तशीच, प्रोग्राम हलवेपर्यंत.