घरातील आयपी पत्ते: नोंद राऊटरकडे असावी की उपकरणातच कोरून ठेवावी?

ओसरी (धागाकर्ता)

गेला महिनाभर आमच्या घरी एक चमत्कारिक प्रकार चालू होता. वीज जाऊन परत आली की वरच्या खोलीतल्या लॅपटॉपचे इंटरनेट दर मिनिटा-दोन मिनिटांनी तुटायचे आणि नेमके त्याच वेळी मोबाइलवर दिसणारे फाटकाच्या कॅमेऱ्याचे चित्र गोठायचे. ब्रॉडबँडवाल्यांचा माणूस दोनदा येऊन तार तपासून गेला. तार निर्दोष होती. शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१९९ क्रमांकाची नोंद सापडली. १९२.१६८.१.२० या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरील यंत्राच्या क्रमांकावर) आणखी एक यंत्र बसले आहे, असे तिच्यात म्हटले होते आणि त्या यंत्राचा मॅक ॲड्रेसही (उत्पादकाने दिलेला हार्डवेअर क्रमांक) दिला होता. मॅकच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून उत्पादक कळतो. ते यंत्र कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर निघाले.

उलगडा असा झाला. रेकॉर्डर बसवणाऱ्या तंत्रज्ञाने त्यात .२० हा पत्ता हाताने लिहून ठेवला होता. राऊटरला याची कल्पना नव्हती. त्याच्या डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीच्या) पूलमध्ये, म्हणजे वाटपाच्या साठ्यात, .२ पासून .२५४ पर्यंतचे सर्व पत्ते वाटपासाठी खुले होते. एरवी राऊटरने .२० देऊ केला, तरी लॅपटॉप तो घेण्यापूर्वी नेटवर्कवर विचारणा करतो, रेकॉर्डर ‘हा माझा’ असे उत्तर देतो आणि लॅपटॉप पत्ता नाकारून दुसरा मागतो. परंतु आमच्या इन्व्हर्टरवर राऊटर आहे, रेकॉर्डर नाही. वीज गेलेल्या अर्ध्या तासात लॅपटॉपने विचारणा केली तेव्हा उत्तर द्यायला कोणीच जागे नव्हते, म्हणून .२० त्याला मिळाला. आणि वीज आल्यावर रेकॉर्डर कोणालाही न विचारता आपल्या जुन्या जागी येऊन बसला.

यावरून माझे मत असे झाले आहे की घरगुती नेटवर्कमध्ये कोणत्याही उपकरणात स्थिर पत्ता लिहूच नये. ज्याला कायम एकच पत्ता हवा, त्याचा मॅक राऊटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये नोंदवावा आणि उपकरण डीएचसीपीवर सोडावे. जमिनीचा सातबारा एकाच दफ्तरात असावा. दुसरी वही निघाली की वाद ठरलेलाच. आपली मते जाणून घ्यायला आवडेल.

तारपट्टी

निदान उत्तम केले आहे, पण निष्कर्ष चुकला आहे. आपल्याच कथेत दोष स्थिर पत्त्याचा नाही, पूलचा आहे. तंत्रज्ञाने .२० लिहिला त्याच वेळी राऊटरमध्ये पूल .१०० ते .१९९ एवढा मर्यादित केला असता, तर वीज शंभर वेळा गेली असती तरी भांडण झाले नसते. पूलबाहेरचा पत्ता राऊटर स्वतःहून कधीच कोणाला देत नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते एकदाच करावे लागते.

मी गेली अनेक वर्षे लहान कार्यालयांत आणि घरांत तारा ओढण्याचे व कॅमेरे बसवण्याचे काम करतो. रेकॉर्डर, प्रिंटर आणि दारावरचे हजेरीयंत्र या तिघांना मी स्थिर पत्ताच देतो, कारण राऊटर ही घरातली सर्वांत बेभरवशाची वस्तू आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडते, ओएनटी (फायबरची तार जोडलेला ब्रॉडबँडचा डबा) जळतो, ब्रॉडबँडवाले दुसऱ्या दिवशी नवा डबा लावून जातात आणि आपण कष्टाने केलेली रिझर्व्हेशनची यादी जुन्या डब्याबरोबर भंगारात जाते. उपकरणात लिहिलेला पत्ता मात्र उपकरणाबरोबरच राहतो.

ओसरी

तारपट्टी, राऊटर जळण्याचा आपला मुद्दा मान्य आहे, पण तो आपल्याच बाजूने बोलतो असे मला वाटत नाही. जुना डबा १९२.१६८.१.१ वर होता आणि नवा १९२.१६८.०.१ वर आला तर काय होईल? डीएचसीपीवरची उपकरणे नवीन पत्ता घेऊन निमूटपणे कामाला लागतील. प्रिंटरचा क्रमांक बदलेल, तो संगणकावर पुन्हा जोडावा लागेल, एवढाच त्रास. स्थिर पत्त्याचा रेकॉर्डर मात्र जुन्या मालिकेतच अडकून राहील आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या लॅपटॉपला हाताने जुन्या मालिकेतला पत्ता द्यावा लागेल. हे आपल्याला जमते. माझ्या आईवडिलांना जमणार नाही.

दुसरे असे की ‘पूल मर्यादित केला असता तर’ या वाक्यातला ‘तर’ फार महागात पडतो. कॅमेरेवाला वेगळा, ब्रॉडबँडवाला वेगळा आणि प्रिंटर जोडणारा भाचा वेगळा. यांतल्या कोणीही कोणाला विचारलेले नसते. कार्यालयात निदान एखादी एक्सेल शीट असते. घरात अशी कोणती वही असते?

तारपट्टी

नव्या राऊटरचा पत्ता बदलून जुन्यासारखा करणे हे एका रकान्याचे काम आहे आणि ते मी प्रत्येक वेळी करतो. वहीचे म्हणाल तर मी प्रत्येक रेकॉर्डरवर पत्त्याचे स्टिकर लावतो. ज्यांना स्टिकर लावण्याचाही कंटाळा आहे, त्यांच्यामुळे पद्धत वाईट ठरत नाही.

पाचवा मजला

दोघांचेही वाचले. क्षमा असावी, परंतु आपण पत्ता कोठे लिहावा यावर वाद घालत असताना घरोघरी होणाऱ्या भांडणाचे मूळ निराळेच असते, असा माझा अनुभव आहे. आमच्या सोसायटीत मला या कामासाठी ज्या-ज्या घरी बोलावले गेले, त्यांतल्या बहुतेक घरांत स्थिर पत्ता असलेले एकही उपकरण नव्हते. तेथे डीएचसीपी सर्व्हरच दोन होते.

हे कसे घडते ते सांगतो. आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून माणूस बाजारातून एक राऊटर आणतो. ओएनटीतून निघालेली तार नव्या राऊटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचे तोंड) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांचे तोंड) खोचतो, आणि दिवा लागला म्हणून समाधान मानतो. आता दोन्ही डबे एकाच नेटवर्कवर पत्ते वाटू लागतात आणि एकाने काय वाटले ते दुसऱ्याला ठाऊक नसते. त्यातून दोघांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ हाच असेल, तर साक्षात दरवाजाच दुहेरी होतो. मग मोबाइलला वायफायचे पूर्ण पाच दांडे दिसतात आणि संदेश मात्र जात नाही. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात ती ही स्थिती. येथे ओसरी यांचे रिझर्व्हेशन उपयोगाचे नाही, कारण ते एकाच डब्यात असते आणि उपकरण दुसऱ्याकडूनही पत्ता घेऊ शकते. तारपट्टी यांचा मर्यादित पूलही उपयोगाचा नाही, कारण दुसऱ्या डब्याचा पूल मोकळाच असतो.

तपासणी सोपी आहे. दोन संगणकांवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या जोडासह चालवावी आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ पाहावी. दोन ठिकाणी दोन वेगळे क्रमांक आले तर चोर सापडला. दोन्हीकडे १९२.१६८.१.१ च दिसला तरी निश्चिंत होऊ नये. एकदा नव्या राऊटरची तार काढून आणि एकदा जोडून १९२.१६८.१.१ चा मॅक ॲड्रेस बदलतो का ते पाहावे. उपाय असा की नव्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर (पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवण्याच्या) टाकावे, आणि ती सोय नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करून त्यातली डीएचसीपी बंद करावी. हा .२ सुद्धा मुख्य राऊटरच्या पूलमध्ये नाही याची खात्री करायला विसरू नये. विसरणारे बरेच आहेत आणि त्यांत एकदा मीही होतो.

नवशिकी

एक भाबडा प्रश्न विचारते. शेजारच्या काकांच्या मोबाइललाही १९२.१६८.१.५ आणि माझ्याही मोबाइलला तोच. यामुळे भांडण होते का?

पाचवा मजला

नाही. या मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मध्ये ते ठरले. प्रत्येक घरात हेच क्रमांक पुन्हा वापरले जातात आणि राऊटरच्या पलीकडे ते जात नाहीत. भांडण एकाच राऊटरच्या छताखाली होते.

खडूस अभियंता

ओसरी यांच्या मूळ विधानात एक गृहीतक लपलेले आहे, ते म्हणजे मॅक ॲड्रेस ही उपकरणाची कायमची ओळख आहे. आता तसे राहिलेले नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून, म्हणजे २०१९-२० पासून, फोन आपला खरा मॅक लपवून वायफायच्या प्रत्येक नावासाठी एक बनावट मॅक तयार करतो. वायफायचे नाव बदलले किंवा ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडले, की तो बदलू शकतो आणि आपली राखीव नोंद अनाथ होते. मॅकमधले दुसरे अंकाक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट असण्याची दाट शक्यता आहे, एवढी खूण लक्षात ठेवावी. अशा मॅकवरून उत्पादक शोधायला जाणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आणखी एक. लोक भांडण शोधण्यासाठी पिंग करतात (त्या पत्त्याला हाक मारून उत्तराची वाट पाहतात), उत्तर आले नाही की पत्ता मोकळा समजतात आणि तेथेच प्रिंटर बसवतात. हे धोक्याचे आहे. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही, झोपलेला फोनही देत नाही. त्याऐवजी संशयित उपकरण बंद करावे, जुनी एआरपी नोंद (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक कोणता याची) पुसावी, पिंग करावे आणि उत्तर येवो न येवो, लगेच ‘एआरपी’ आज्ञा ‘-ए’ सह चालवून पाहावी. पिंगकडे दुर्लक्ष करणारा संगणकही ‘या पत्त्याचा धनी कोण’ या एआरपीच्या प्रश्नाला उत्तर देतोच, कारण ते दिल्याशिवाय त्याला नेटवर्कवर राहताच येत नाही.

हा सगळा गोंधळ मुळात आहे तो एआरपीच्या भोळेपणामुळे. १९८२ मध्ये आरएफसी ८२६ ने ती पद्धत घालून दिली, तेव्हा जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवायचा असेच ठरले. त्यामुळे दोघांनी उत्तर दिले तर शेवटी बोलणारा खरा ठरतो, पुढच्या क्षणी दुसरा बोलतो, आणि म्हणून तर जोडणी येते-जाते. पत्ता घेण्यापूर्वी तीनदा विचारून पाहण्याची शिस्त २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये नीट लिहिली गेली. ती पाळायची की नाही हे शेवटी उपकरण बनवणाऱ्यावर असते आणि ओसरी यांच्या रेकॉर्डरने ती पाळली नाही हे उघड आहे.

ओसरी

फोनच्या बाबतीत माझे विधान मी मागे घेतो. तसेही फोनला कायमचा पत्ता कशाला हवा? ज्यांना हवा असतो ती उपकरणे म्हणजे प्रिंटर, रेकॉर्डर आणि फायली साठवायचा डबा. यांचे मॅक बदलत नाहीत. म्हणजे रिझर्व्हेशन जेथे लागते तेथे ते टिकते.

पाचवा मजला यांचा मुद्दा मला माझ्या बाजूचाच वाटतो. दोन डीएचसीपी सर्व्हर म्हणजे दोन वह्या. उपकरणात लिहिलेला स्थिर पत्ता म्हणजेही दुसरी वहीच, फक्त एका ओळीची. रोग एकच आहे.

पाचवा मजला

रोग एक असेल, पण औषधांचा क्रम तरी ठरवा. आधी डीएचसीपी सर्व्हर एकच आहे का ते पाहा, मग पूल पाहा, आणि रिझर्व्हेशन की स्टॅटिक हा वाद त्यानंतर घाला. उलट क्रमाने गेलेल्या एका गृहस्थांनी तीन दिवस घरातल्या अकरा उपकरणांची यादी बनवली आणि चौथ्या दिवशी कपाटामागे विसरलेला जुना राऊटर सापडला.

तारपट्टी

यावर माझे आणि पाचवा मजला यांचे एकमत आहे. पण ओसरी, स्थिर पत्त्याला ‘दुसरी वही’ म्हणणे अन्यायाचे आहे. पूलच्या बाहेर असलेली जमीन वाटपातच नसते, मग दुबार नोंद होणार कशी? आणि ज्याला तुमच्यासारखी खात्रीच हवी असेल, त्याने उपकरणात स्थिर पत्ता लिहावा आणि राऊटरमध्येही त्याच मॅकसाठी तोच पत्ता राखीव करावा. उपकरण राऊटरला विचारणार नाही, पण राऊटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही. मी हजेरीयंत्रांसाठी असेच करतो, कारण ते चालू होताना राऊटर अजून जागा झालेला नसला तरी यंत्र अडत नाही.

राऊटर उशिरा जागा होण्याचा त्रास थोडा नाही. वीज आल्यावर रेकॉर्डर आधी चालू झाला आणि डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही, तर काही उपकरणे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतात. लोक त्यालाही भांडण समजतात, वास्तविक तो ‘मला कोणी पत्ता दिला नाही’ असा निरोप असतो. राऊटर आल्यावर शहाणी उपकरणे पुन्हा विचारतात, अडाणी तशीच बसून राहतात.

आता एक सरळ प्रश्न. आपला रेकॉर्डर डीएचसीपीवर नेलात का?

ओसरी

प्रामाणिकपणे सांगायचे तर अजून नाही. रेकॉर्डरचा ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडेच आहे आणि तो सध्या गावी गेला आहे. त्यामुळे तूर्त राऊटरचा पूल .१०० ते .१९९ केला आहे. लॅपटॉपला .१०३ मिळाला आणि परवा दोन तास वीज जाऊनही काही बिघडले नाही.

तारपट्टी

म्हणजे सध्या आपल्या घरी माझीच पद्धत चालू आहे.

ओसरी

शनिवारी तो परत येईपर्यंत.