मदत हवी आहे: असिमेट्रिक बोलिंग बॉलला कोणता लेआउट? लांब आणि आखूड पॅटर्नचा घोळ

नमस्कार मंडळी,

नवा बॉल घेतलाय, अजून ड्रिल केलेला नाही (बोटांची भोकं पाडायची आहेत). ड्रिलरने दोन लेआउट (भोकं आतल्या गाभ्याच्या तुलनेत कुठे पाडायची याचे आराखडे) सुचवले आणि निवड माझ्यावर सोडली, म्हणून विचारतोय.

उजव्या हाताने खेळतो, फिंगरटिप ग्रिप (बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत). पीएपी (बॉल ज्या आसाभोवती फिरतो, त्याचं पृष्ठभागावरचं टोक) ग्रिपच्या मध्यापासून ५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर. रेव्ह रेट (मिनिटाला फेरे) ३०० च्या आसपास, वेग मध्यम, रोटेशन (आसाचा आडवा कोन) साधारण ४५ अंश, टिल्ट (आसाचा उभा कोन) १२-१३. बॉल १५ पौंडांचा, असिमेट्रिक कोअर (सममित नसलेला आतला गाभा), सॉलिड कव्हर (तेलात जास्त पकड घेणारं आवरण), २००० ग्रिट (आकडा लहान तितका पृष्ठभाग खडबडीत).

सध्या एक सिमेट्रिक हायब्रिड (मिश्र कव्हरचा बॉल) वापरतो, ५० × साडेचार × ४० वर (ड्रिलिंग अँगल, पिन ते पीएपी अंतर, व्हीएएल अँगल या क्रमाने; पिन म्हणजे कोअरचं टोक दाखवणारी बॉलवरची खूण, व्हीएएल म्हणजे पीएपीतून जाणारी उभी रेषा, दोन्ही कोन पिन-पीएपी रेषेपासून). शिवाय स्पेअरसाठी (उरलेल्या पिना पाडायला) प्लॅस्टिक बॉल. हाउस पॅटर्नवर (पॅटर्न म्हणजे लेनवरच्या तेलाची आखणी, हाउस म्हणजे रोजची) तक्रार नाही. मध्ये तेल भरपूर, कडेला कोरडं, त्यामुळे बॉल दोन बोर्ड (लेनच्या पट्ट्या) बाहेर गेला तरी परत येतो. स्पर्धेच्या पॅटर्नवर मात्र ही सवलत नसते. ४४ फुटी पॅटर्नवर ३१ च्या नियमाने (तेलाची फुटांतली लांबी वजा ३१) ब्रेकपॉइंट (बॉल वळतो ती जागा) १३ व्या बोर्डाजवळ येतो. तिथे बॉल उशिरा वळतो, पॉकेटला (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या जागेला) हलका लागतो. ३५ फुटीवर चौथ्या बोर्डापर्यंत बाहेर जावं लागतं आणि तेल संपताच तो इतका झपकन वळतो की हेडपिनच्या (सर्वात पुढच्या पिनच्या) पलीकडे.

ड्रिलरचे पर्याय: ४० × ४ × ३० किंवा ७० × ५ × ५५. दोन्ही पॅटर्नला चालेल असा मधला लेआउट असतो का? १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेच्या बोलिंग संघटनेच्या) नियमात बॅलन्स होल (बोटांसाठी नसलेलं जादा भोक) बंद झालंय. म्हणजे नंतर एक भोक वाढवून रिअ‍ॅक्शन सुधारायची सोय गेली. आता चुकलं तर बुजवून पुन्हा ड्रिल करणं, एवढंच उरतं.

प्रतिसाद १
मधला लेआउट शोधू नका. दोन्हीकडे अर्धवट चालणारा बॉल मिळेल. हा बॉल लांब पॅटर्नसाठीच ठेवा. सॉलिड असिमेट्रिक ३५ फुटीवर कुठल्याही लेआउटने चुकीचाच. तिथे तेलाच्या पुढे तब्बल २५ फूट कोरडी लेन असते, युरेथेन कव्हरचा किंवा साधा कमकुवत बॉल हवा.

४४ फुटीवर उलटं, शेवटी कोरडे १६ फूटच उरतात. तेवढ्यात बॉलने वळून रोलमध्ये (घसरणं थांबून गडगडण्यात) यायचं तर आधीपासून लेन वाचायला (पकड घ्यायला) सुरुवात करायला हवी. दोन अँगलची बेरीज जितकी लहान तितका बॉल लवकर रोलमध्ये येतो, म्हणून ७० + ५५ बाद. वळण टोकदार की गोलसर, हे दोघांच्या गुणोत्तरावर. ड्रिलिंग अँगल मोठा आणि व्हीएएल लहान असेल तर बॉल लांब जाऊन झटक्यात वळतो. सपाट (तेल सगळीकडे जवळपास सारखं असलेल्या) पॅटर्नवर असा झटका कधी येईल याचा भरवसा नसतो. मी ४० × ४ × ४० घेईन. चार इंचांवर पिन असली की फ्लेअरही (फिरताना आस सरकून बॉलवर तेलाचे पट्टे पसरणं) भरपूर मिळतो.

आणि खरी ताकद पृष्ठभागात. लेआउट मार्गाचा आकार बदलतो, पण तेलात पकड किती मिळणार हे कव्हर आणि ग्रिट ठरवतात. आधी आहे त्या हायब्रिडवर १००० चा पॅड फिरवून ४४ फुटीवर टाकून बघा. कदाचित नव्या बॉलची घाईच नाही!

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त व्हीएएल ३० की ४० यावर डोकं फोडू नका. आपल्यासारख्यांच्या रिलीजमध्येच (बॉल सोडण्यातच) दर फेकीला त्याहून जास्त फरक पडतो. पीएपी मात्र ताजा आहे ना? सगळी मापं तिथूनच सुरू होतात. पांढऱ्या टेपचा तुकडा पीएपीवर चिकटवा, बॉल टाका. टेप न डगमगता जागीच फिरली तर माप बरोबर.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पीएपी मोजल्यानंतर मनगट सरळ ठेवायला लागलोय, तेव्हा पुन्हा मोजून घेतो. पॅडही फिरवून बघतो. एक शंका: ४ इंचांवर फ्लेअर वाढला तर तेलाचे पट्टे बोटांच्या भोकांवरून जाणार नाहीत ना? आत्ताच पहिला पट्टा अंगठ्याच्या अगदी जवळून जातो.

प्रतिसाद १
मग ड्रिल करायच्या आधी ते बघायलाच हवं. हायब्रिड टाकल्यावर लगेच, न पुसता, पट्टे दिसतील असा फोटो टाका. पट्टे भोकांच्या फार जवळ असतील तर आधी व्हीएएल बदलून पिन वर-खाली सरकवून पाहू, अंतराला नंतर हात लावू.